शिवारातली शिदोरी : गरम न्या, नाहीतर कोरडी न्या



सुगी आली की घरची चूल पहाटे चारलाच पेटते. ज्वारीची काढणी असो, भाताची लावणी असो की ऊसतोड, दिवस उजाडायच्या आत स्वयंपाक उरकावा लागतो. भाकरी फडक्यात, कालवण डब्यात, भात पातेल्यात आणि शिदोरी रानात. तिथं ती बांधावर, झाडाच्या बुंध्याशी पडून राहते. दुपारी एक वाजता सोडून बघावं तर भाकर वातड, आमटीवर तेलाचा थर, भात गार.

गार जेवण आपण चालवून घेतो. पोट भरलं म्हणजे झालं, असं म्हणतो. पण पाचला शिजवलेला भात एकला खाल्ला, तर मध्ये आठ तास गेले. या आठ तासांत नुसती चव जात नाही, कधी कधी पोटाला बाधेल असंही त्यात काही तयार होतं. ऐन सुगीत घरातली दोन माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली तर काय होतं, ते तुम्हांला सांगायला नको. म्हणून हा विषय घेतला आहे. कार्यक्रम ऐकताना सगळं ध्यानात राहत नाही, तेव्हा हा कागद जपून ठेवा.

अन्न निवतं कसं?

गरम डब्यातली ऊब चार वाटांनी जाते. डबा गार दगडावर किंवा ओल्या मातीवर ठेवला की तळातून ऊब जमिनीत जाते. वारा लागला की तो अंगावरची ऊब उडवून नेतो. झाकण सैल असलं की वाफ निघून जाते, आणि वाफ म्हणजे पुष्कळशी ऊबच. चौथी वाट म्हणजे, चुलीजवळ बसलं की आपल्याला झळ लागते ना, तशीच गरम डब्यातूनही झळ बाहेर पडत असते.

ऊब अडवायला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे कोंडलेली हवा. मोकळी हवा ऊब पळवते, पण बारीक बारीक पोकळ्यांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. गोधडी आणि घोंगडी ऊब देतात ती याचमुळे. गव्हाचं काड, भाताचं पिंजर, तूस, भुसा, तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार, या सगळ्यांत अशीच हवा कोंडलेली असते. म्हणजे गरम जेवणाचा माल आपल्या खळ्यावरच पडलेला आहे.

कोमट अन्न सगळ्यात वाईट

अन्न उकळलं की त्यातले बहुतेक रोगजंतू मरतात. पण काहींची बीजं चिवट असतात. तांदळात असतात तशी काही बीजं उकळूनही जिवंत राहतात. अन्न वाफाळतं आहे तोवर ती गप्प बसतात. ते कोमट झालं की त्यांना कोंब फुटतो आणि त्यांची पैदास सुरू होते. ५ ते ६० अंश सेल्सिअस ही त्यांची सोयीची जागा. आपल्या उन्हाळ्यातली दुपार नेमकी त्यातच बसते.

त्यातले काही जंतू भातात विष सोडतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. असा भात खाल्ला तर बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. आणि वाईट गोष्ट अशी, की भाताला वास येईलच असं नाही, तार सुटेलच असं नाही. म्हणून ‘वास आला नाही, म्हणजे चांगला आहे’ हा हिशेब भाताला लावू नका.

यावरून दोनच नियम निघतात. एक, गरम न्यायचं तर वाफाळतं, ६० अंशांच्या वरच ठेवायचं. दोन, ते जमत नसेल तर कोरडं न्यायचं. अर्धवट गरम ठेवणं हे गार ठेवण्यापेक्षा वाईट.

काडाची पेटी

ही पेटी करायला अर्धा दिवस पुरतो. हे काम पुरुष मंडळींनी करावं, घरच्या बाईची पहाट आधीच भरलेली असते.

१. सुमारे दीड फूट लांब, रुंद आणि उंच असं लाकडी खोकं, बांबूचं डालगं किंवा मोठी करंडी घ्या. दोन-अडीच लिटरच्या डब्याला एवढी पुरते.

२. काड, पिंजर किंवा तूस कडक उन्हात दोन दिवस वाळवा. ओलसर माल ऊब धरत नाही आणि त्याला बुरशी येते.

३. करंडीला आतून जुन्या लुगड्याचं किंवा धोतराचं अस्तर लावा. तूस किंवा भुसा वापरणार असाल तर तो पिशव्यांत शिवूनच भरा, नाहीतर जेवणात पडेल.

४. तळाला १० सेंटिमीटर जाडीचा थर द्या. अंगठ्यासकट पाच बोटं आडवी धरली की एवढं माप भरतं. त्यावर डबा मधोमध ठेवून चारी बाजूंनी तेवढाच थर भरा. घट्ट बसेल एवढंच भरा. ठोकून चेंगरलं तर आतली हवाच निघून जाईल.

५. डबा काढल्यावर जे घरटं राहील त्याला कापडाची खोळ बसवून टाके घाला. डबा रोज त्याच जागी अलगद बसला पाहिजे.

६. वरच्या तोंडासाठी तेवढीच जाड उशी शिवा. ऊब वरच्या वाटेनं जास्त जाते, म्हणून उशीत कंजुषी करू नका. वरून झाकण आणि दोरी.

एक इशारा. खताच्या, औषध लावलेल्या बियाण्याच्या किंवा कीटकनाशकाच्या पोत्याचं अस्तर कदापि लावू नका. पोतं धुतलं तरी औषध पुरतं जात नाही. नुकतीच फवारणी झालेल्या पिकाचं काडही घेऊ नका.

डबा भरताना

पेटी स्वतः अन्न गरम करत नाही. दिलेली ऊब ती राखते. म्हणून उकळतं असतानाच अन्न भरा. आधी डब्यात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, मग ते फेकून लगेच आमटी भरा. गार डबा पहिल्या फटक्यालाच ऊब खातो. डबा काठोकाठ भरेल असाच निवडा. अर्धा रिकामा डबा लवकर निवतो. घट्ट झाकणाचा कडीचा डबा उत्तम.

पातेलं चुलीवरून थेट पेटीत ठेवायचं असेल तर बूड ओल्या फडक्यानं पुसून घ्या. बुडाला चिकटलेली एक ठिणगी काडाला पुरते.

आंबट आमटी किंवा कढी कल्हई गेलेल्या पितळी डब्यात नेऊ नका, ती कळकते. जर्मनच्या डब्यातही आंबट पदार्थ तासन्‌तास ठेवू नयेत. स्टीलचा डबा बरा.

भाकरी मात्र या पेटीत कोंबू नका. गरम भाकरीची वाफ तिच्यावरच बसते आणि भाकर चिकट होते. तव्यावरून काढली की दुरडीत उभी करून वाफ जाऊ द्या, मग कोरड्या सुती फडक्यात बांधा.

पेटीची परीक्षा

रानात नेण्याआधी घरीच परीक्षा घ्या. डब्यात उकळतं पाणी भरून पेटी बंद करा. तुमच्या जेवणाला जेवढे तास लागतात तेवढ्या तासांनी उघडा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पारा ६० च्या वर हवा. तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही, तो ४२ अंशांच्या आसपासच संपतो. थर्मामीटर नसेल तर पाणी चमच्यानं वाटीत काढून बघा. त्यातून चांगली वाफ निघाली पाहिजे आणि फुंकर मारल्याशिवाय पिता येऊ नये. थेट डब्यात बोट घालू नका, भाजेल.

चांगली केलेली पेटी भरलेला डबा चार-पाच तास असा राखू शकते. आठ तासांचा भरवसा धरू नका. म्हणून शक्य असेल तिथं वेळच कमी करा. आमटी पहाटे शिजवली तरी निघताना पुन्हा खळखळून उकळा. घरचं कोणी दुपारी रानात येणार असेल तर भात त्याच्याबरोबर येऊ द्या.

विकतचा थर्मास घ्यायचा असेल तर तो याच्याहून सरस. जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञानं १८९२ साली दुहेरी भिंतीचं भांडं करून मधली हवाच काढून टाकली. हवा नाही, म्हणजे ऊब वाहून नेणारं कोणी नाही. रानात काचेच्या थर्मासपेक्षा स्टीलचा टिकतो. मात्र तोही आधी उकळत्या पाण्यानं तापवून घ्यावा लागतो.

काय न्यावं, काय टाळावं

भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे, कांदा, गूळ ही शिदोरी गार झाली तरी बाधत नाही, कारण तिच्यात पाणी कमी असतं. जुन्या माणसांनी हीच शिदोरी धरली ती उगाच नाही.

भात, वरण, उसळ, दूध, अंडी आणि मटण गरम राहणार असेल तरच न्या. दोन तासांहून जास्त कोमट राहिलेला असा पदार्थ माणसांनी खाऊ नये. लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्याबाबत तर मुळीच धोका पत्करू नका.

पेटीत अर्धा शिजलेला भात पुरता शिजतो आणि सरपण वाचतं, हे खरं. पण घेवडा आणि राजमा कधीही पेटीत शिजायला ठेवू नका. त्यांच्या दाण्यात मुळातच एक विषारी अंश असतो, तो मंद उष्णतेनं जात नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात चुलीवर पूर्ण मऊ होईपर्यंत खळखळून शिजवा. मगच डब्यात भरा.

रानात पोचल्यावर

पेटी सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला, दोन फांद्यांवर किंवा फळीवर ठेवा. मुंग्या येत असतील तर झाडाला टांगा. जेवायच्या आधी उघडून बघू नका, प्रत्येक उघडणीत ऊब जाते. फवारणी चालू असेल तर शिदोरी त्या शेतात नकोच. हात-तोंड साबणानं धुतल्याशिवाय घास घेऊ नका.

इतकं करूनही कोणाला उलट्या-जुलाब झाले तर अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. शौचात रक्त असेल, लघवी होत नसेल, माणूस ग्लानीत असेल किंवा पोटात पाणीच ठरत नसेल, तर कामाकडे बघू नका, तडक दवाखाना गाठा.

थोडक्यात काय, तर उकळतं भरा, काठोकाठ भरा, पाच बोटं काड द्या, चार-पाच तासांत खा. नाही जमलं तर भाकर-चटणी आहेच, तिला कमी लेखू नका.

यंदाच्या सुगीआधी एक पेटी करून बघा आणि शेजाऱ्यालाही दाखवा. राम राम.