तारणाची खात्री नसलेली माणसे

१६३९ साली बोस्टनमधील रॉबर्ट केन या व्यापाऱ्यावर खटला भरला गेला. आरोप होता जास्त नफा घेतल्याचा. खिळे, बटणे अशा किरकोळ जिनसांवरही त्याने वाजवीपेक्षा अधिक दर लावला, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. वसाहतीच्या न्यायसभेने त्याला २०० पौंडांचा दंड ठोठावला. तो पुढे कमी झाला, पण प्रकरण तिथे मिटले नाही. चर्चच्या मंडळीने त्याला उभे करून जाब विचारला आणि त्याने रडत रडत लोभाची कबुली दिली. पाळक जॉन कॉटन यांनी तर पुढच्या प्रवचनात व्यापाराचे नियमच सांगितले: बाजारभावाहून जास्त घेऊ नये, समुद्रात माल बुडाला तर ते नुकसान आपले समजावे, गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये. चौदा वर्षांनी केन मृत्युपत्र लिहायला बसला. ते दीडशेहून अधिक पानांचे झाले, कारण मालमत्तेची वाटणी करता करता तो त्या जुन्या आरोपाला उत्तरे देत राहिला. दंड भरून झालेल्या, पुन्हा प्रतिष्ठेच्या पदांवर बसलेल्या माणसाला मरणाच्या दारात हा खुलासा का करावासा वाटला? मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीचे दैनंदिन जीवन समजून घ्यायचे तर या प्रश्नापासून सुरुवात करावी. प्युरिटन म्हणजे कडक आणि आनंदाचे वैरी, ही समजूत फारशी कामाची नाही. त्यांच्या घरात, बाजारात आणि शाळेत जे घडत होते त्यामागे कडकपणापेक्षा अनिश्चितता अधिक होती.

ही अनिश्चितता सिद्धांतातूनच आली होती. कोणाचे तारण होणार आणि कोणाचे नाही हे देवाने सृष्टीपूर्वीच ठरवले आहे, माणसाच्या सत्कर्मांनी त्यात बदल होत नाही, हे धर्मसुधारक कॅल्व्हिनचे मत प्युरिटनांनी मनापासून स्वीकारले होते. मग वागायचे कशाला, असा प्रश्न आपल्याला लगेच पडतो. त्यांचे उत्तर असे की सदाचरणाने तारण मिळत नाही, पण ज्याला ते मिळाले आहे त्याच्या वागण्यात त्याच्या खुणा दिसतात. म्हणून खुणा शोधायच्या, आयुष्यभर. वसाहतीचे नेते जॉन विन्थ्रॉप १६३० मध्ये जहाजांचा ताफा घेऊन आले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत सुमारे २०,००० इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये उतरले. १६३१ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये मताधिकार चर्चच्या सभासदांपुरता ठेवला गेला आणि काही वर्षांतच सभासद होण्यासाठी देवाची कृपा आपल्याला कशी जाणवली ते मंडळीसमोर सांगावे लागू लागले. तरी मंडळीचा निर्णय हा अंदाजच असे, अंतिम निकाल देवाकडे. त्यातच हा समाज स्वतःला देवाशी करार केलेला समाज मानत होता. एकाच्या पापाची शिक्षा साऱ्या गावाला होऊ शकते, ही त्यांची धारणा. अवर्षण किंवा देवीची साथ आली की उपासाचा दिवस जाहीर होई, पीक चांगले आले की आभाराचा. शेजाऱ्याच्या घरात काय चालले आहे याची चौकशी ही तिथे चोंबडेपणा नव्हती, नागरिकाचे कर्तव्य होती. केनच्या खिळ्यांची किंमत सगळ्या बोस्टनची बाब झाली ती अशी.

घर हे छोटे चर्च मानले जाई. कुटुंबप्रमुखाने सकाळ-संध्याकाळ बायबल वाचावे, मुलांना आणि नोकरांना प्रश्नोत्तरांतून धर्म शिकवावा. एकट्यादुकट्या अविवाहित माणसाने कुठल्या तरी कुटुंबाच्या शिस्तीत राहावे, यासाठी कायदे होते. शब्बाथ शनिवारी सूर्यास्तालाच सुरू होई. रविवारी दोन लांब प्रवचने, तीही शेगडीविना, हाडे गोठवणाऱ्या सभागृहात. आसने वय, संपत्ती आणि प्रतिष्ठा पाहून नेमलेली. देवापुढे सगळे सारखे हे तत्त्व बाकांपर्यंत पोचले नव्हते. ख्रिसमसची तारीख बायबलमध्ये नाही म्हणून तो सण माणसाने रचलेला; १६५९ मध्ये तो साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. पण याच तर्काने विवाह हा धार्मिक संस्कार न राहता नागरी करार ठरला, आणि करार असल्यामुळे तो मोडताही येऊ लागला: नवऱ्याने टाकलेल्या बाईला तिथे घटस्फोट मिळू शके, जो त्या काळच्या इंग्लंडमध्ये जवळजवळ अशक्य होता. १६४१ च्या कायदेसंहितेने नवऱ्याने बायकोला मारू नये असे स्पष्ट लिहिले. कपड्यांच्या रंगांशी किंवा बिअरशी या लोकांचे भांडण नव्हते. १६५१ च्या कायद्याने २०० पौंडांहून कमी मालमत्ता असणाऱ्यांना सोन्या-चांदीची लेस वापरायला मनाई केली, ती पायरी सोडल्याबद्दल. कायदे होते म्हणजे ते पाळले जात होते असे नाही, हा आक्षेप बरोबर आहे; न्यायालयांच्या दप्तरांत दारूबाजी आणि विवाहपूर्व संबंधांची प्रकरणे भरपूर सापडतात. पण त्याच दप्तरांतून हेही दिसते की लोक एकमेकांना खरोखरच जाब विचारत होते.

या धर्मश्रद्धेचा सर्वांत टिकाऊ परिणाम मात्र वाचनात दिसतो. स्वतःच्या तारणाच्या खुणा शोधायच्या तर पवित्र शास्त्र स्वतः वाचता आले पाहिजे, पाद्रीने सांगितले एवढ्यावर भागत नाही. १६३६ मध्ये, जंगल अजून नीट हटलेलेही नसताना, पुढे हार्वर्ड झालेल्या महाविद्यालयाला न्यायसभेने पैसे मंजूर केले. १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजच्या छापखान्यातून स्तोत्रांचे पुस्तक निघाले. १६४२ च्या कायद्याने मुलांना वाचता येते की नाही हे पाहण्याची जबाबदारी गावच्या पंचांवर टाकली. १६४७ चा कायदा त्याहून पुढे गेला: ५० कुटुंबांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकवणारा शिक्षक नेमावा, १०० कुटुंबांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढावी. कारण दिले होते ते असे, की माणसांना शास्त्रापासून दूर ठेवणे हा सैतानाचा जुना डाव आहे. मुलींना वाचायला शिकवत, लिहायला बहुधा नाही. हाही त्या व्यवस्थेचा भाग होता. याच मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटनांच्या वारसदारांनी १८१० मध्ये परदेशी मिशनचे मंडळ स्थापन केले. त्यांचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. मराठी छपाई, १८२४ मधील मुलींची शाळा, अहमदनगरचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आणि जोतीराव फुल्यांनी पाहिलेली सिंथिया फरार यांची मुलींची शाळा हे सारे याच प्रवाहातले. अर्थात तोवर सिद्धांत बराच मवाळ झाला होता.

वाचन आणि शाळा श्रद्धेतून आल्या, या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. न्यू इंग्लंडची थंड हवा, छोटी शेते आणि कुटुंबांसह आलेले लोक यांमुळे दाट वस्तीची गावे झाली, गावे झाली म्हणून शाळा झाल्या, धर्म फक्त वरचा रंग, असे म्हणणारे आहेत. त्यांच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे. निकाराग्वाच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या प्रॉव्हिडन्स बेटावर १६३० च्या सुमारास प्युरिटनांनीच दुसरी वसाहत वसवली. तिथे त्यांनी गुलाम आणून मळे केले, स्पॅनिश जहाजे लुटली, आणि १६४१ मध्ये स्पॅनिशांनी ते बेट जिंकून घेतले. तोच धर्म, पण वेगळ्या मातीत निराळे जीवन. म्हणजे अर्थव्यवस्था धर्माने ठरवली नाही, हे मान्यच करावे लागते. तरीही प्युरिटन नसलेल्या व्हर्जिनिया वसाहतीचे उदाहरण उरते. तिथे तंबाखूच्या मळ्यांमुळे वस्ती विखुरलेली होती हे खरे, पण १६७१ मध्ये गव्हर्नर बर्कली यांनी आपल्याकडे मोफत शाळा आणि छापखाने नाहीत याबद्दल देवाचे आभार मानले, ते काही विखुरलेल्या वस्तीमुळे नव्हे. शाळा शक्य होण्याला भूगोल कारण असेल. ती हवीशी वाटणे हे श्रद्धेचे काम होते.

दुसरा आक्षेप क्रौर्याचा, आणि तो अधिक जिव्हारी लागणारा. जी माणसे स्वतःच्या तारणाबद्दल साशंक होती, ती इतरांना फासावर कशी देत होती? माझे उत्तर असे की जिथे संशय संपून खात्री आली तिथेच ती सर्वांत निष्ठुर झाली. अ‍ॅन हचिन्सन या वसाहतीतल्या बाईने १६३७ च्या खटल्यात देव आपल्याशी थेट बोलतो असे सांगितले. संशयावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला ते सहन होण्यासारखे नव्हते, आणि तिला हद्दपार केले गेले. पण मूळ रहिवाशांच्या बाबतीत त्यांना कधी संशयच आला नाही. त्याच १६३७ साली मिस्टिक येथे पीकॉट लोकांचे गाव जाळून शेकडो माणसे मारली आणि त्यासाठी देवाचे आभार मानले. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या बंदरात आफ्रिकी गुलाम उतरले. १६५९ ते १६६१ दरम्यान क्वेकर पंथाचे चार जण फाशी गेले, त्यांत मेरी डायर होती. १६९२ मध्ये चेटकाच्या खटल्यांत सेलमच्या न्यायालयाने आरोपीची सावली आपल्याला छळते अशी साक्ष ग्राह्य धरली, म्हणजे अदृश्यातले आपल्याला कळते असे मानले. १९ जण फाशी गेले, जाइल्स कोरी दगडांखाली चिरडून मेला. त्या शरद ऋतूत इन्क्रीज मॅदर या ज्येष्ठ पाळकाने सैतान निरपराधाचेही रूप घेऊ शकतो, असे लिहून त्या साक्षीचा पायाच काढून घेतला. तो युक्तिवाद आधुनिक विवेकाचा नव्हता, जुन्याच धर्मशास्त्राचा होता.

सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल यांनी १६९७ मधील उपासाच्या दिवशी चर्चमध्ये उभे राहून आपला दोष पाळकाकडून वाचून घेतला. १७०० मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी मात्र कधीच माफी मागितली नाही. १७११ मध्ये वसाहतीने बऱ्याच दोषींची नावे निष्कलंक ठरवून त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली. काही नावे राहून गेली. त्यांतले एलिझाबेथ जॉन्सन हे नाव एका शाळेतील आठवीच्या विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केल्यानंतर मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये निर्दोष ठरवले.