टॅबवर कॉमिक्स वाचायचीत? वर्गणी भरण्याआधी हे पाहा

नोव्हेंबर १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत सकाळी पेपर आधी कोणाच्या हाती, यावरून ओढाओढ सुरू झाली. त्याआधीची पिढी अमर चित्रकथा आणि इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढली. आज त्याच घरांत टॅब आला आहे आणि आजी-आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: यावर कॉमिक्स वाचायची तर कुठली सेवा घ्यावी?

सुरुवात कागद-पेन्सिलीने करावी. घरात कोण वाचणार, कोणत्या भाषेत आणि नेमके काय, हे आपण लिहून काढावे. ‘मुलांना कॉमिक्स हवीत’ एवढे पुरत नाही. स्पायडरमॅन एका कंपनीकडे, बॅटमॅन दुसऱ्या, जपानी मांगा तिसऱ्या आणि सुप्पंडी चौथ्या कंपनीकडे अशी वाटणी आहे. सगळे एका छताखाली देणारी सेवा नाही. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते इथेच: आधी सेवा घेतली जाते आणि हवे ते तिथे नाही, हे नंतर कळते.

यादी झाली की सेवांचे दोन प्रकार समजून घ्यावेत. पहिला वर्गणीचा. तो लायब्ररीसारखा असतो: दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरा, हवे तेवढे वाचा, वर्गणी थांबली की दार बंद. दुसरा सुट्या खरेदीचा, म्हणजे एकेक पुस्तक विकत घ्यायचे. महिन्याला एखाददुसरेच पुस्तक वाचणाऱ्याने वर्गणीच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुटीत दिवसाला चार-चार पुस्तके फस्त करणारे मूल घरात असेल, तर मात्र वर्गणीच स्वस्त पडते.

आता आपली यादी एकेका सेवेशी ताडून पाहावी. मार्व्हलची वर्गणीसेवा ‘मार्व्हल अनलिमिटेड’. तिच्यात ३०,०००हून अधिक अंक आहेत, पण नवा अंक बाजारात आल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी तिथे येतो. मांगा आवडणाऱ्यांसाठी जपानच्या शुएइशा प्रकाशनाचे ‘मांगा प्लस’ २०१९पासून आहे. त्यात चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणे फुकट, अधिकृतपणे आणि इंग्रजीत वाचता येतात. मुलाला हा प्रकार खरेच आवडतो का, हे एक रुपयाही न घालवता इथे कळते. सुटी खरेदी करायची तर अ‍ॅमेझॉनचे किंडल आणि गुगलचे प्ले बुक्स आहेत.

किंडलबाबत दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. किंडल नावाचे वाचनयंत्र वेगळे आणि टॅबवर चालणारे किंडल अ‍ॅप वेगळे. साध्या किंडल यंत्राचा पडदा काळा-पांढरा असतो, त्यावर रंगीत कॉमिक्सची मजा जाते. टॅबवर अ‍ॅप घेतले तर रंग दिसतात, पण अ‍ॅपमध्ये ‘विकत घ्या’चे बटण सापडत नाही म्हणून लोक हैराण होतात. तिथे आपले काही चुकलेले नसते. ब्राउझरमधून अ‍ॅमेझॉनच्या संकेतस्थळावर खरेदी करावी, पुस्तक अ‍ॅपमध्ये आपोआप येते.

अमर चित्रकथा अनंत पै यांनी १९६७मध्ये सुरू केली, ‘टिंकल’ १९८०मध्ये आले. दोन्हींची स्वतःची अ‍ॅप आहेत आणि नातवंडांबरोबर बसून वाचायला त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही मला दिसत नाही. फक्त एक पथ्य पाळावे. अ‍ॅप उघडल्यावर वर्गणी भरण्याआधी भाषेची निवड कुठे आहे ते शोधावे आणि मराठीत कोणकोणती शीर्षके आहेत ती डोळ्यांनी पाहावीत. जाहिरातीत ‘भारतीय भाषा’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ आपण ‘मराठी’ असा धरून चालतो आणि फसतो.

मराठीचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबून बोलायला हवे. मांगा किंवा मार्व्हलच्या तोडीची, मराठी कॉमिक्सने भरलेली वर्गणीसेवा आज आपल्याकडे नाही. ज्या शहरात चिंटू जन्मला त्या शहरातल्या मुलांनी टॅबवर इंग्रजीच वाचावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. तरी मार्ग आहेत. पुण्याच्याच ‘बुकगंगा’वर मराठी ई-पुस्तके मिळतात आणि ती त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात. विकत घेण्याआधी काही पाने चाळता येत असतील तर जरूर चाळावीत, कारण चित्रांचे पुस्तक नीट स्कॅन झाले आहे की नाही हे मुखपृष्ठावरून कळत नाही. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५पासून आहे. तिथली चित्रपुस्तके मराठीतही आहेत, फुकट आहेत आणि उतरवूनही घेता येतात. त्यांत चौकटी आणि संवादाचे फुगे फारसे नसतात, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला चित्र आणि मजकूर एकत्र वाचायची सवय लागायला ती उत्तम. चिंटूचे संग्रह मात्र कागदावर घ्यावेत. ते भरपूर आहेत आणि हातात धरूनच छान वाटतात.

इंद्रजालचे जुने अंक कोणीतरी स्कॅन करून फुकट टाकलेले इंटरनेटवर सापडतात. मोह होतो, हे खरे. पण ते हक्कधारकांच्या परवानगीशिवाय टाकलेले असतात आणि अशा संकेतस्थळांवरच्या खोट्या ‘डाउनलोड’ बटणांतून टॅबमध्ये नको ते शिरते. मुलांच्या हाती असलेल्या टॅबवर तर ती उघडूच नयेत.

सेवा मनात ठरली की पडद्याकडे वळावे. नवा टॅब घ्यायचा असेल तर ही पायरी आधी घ्यावी. दुकानात सांगतात ते ‘दहा इंच’ हे तिरके माप असते, पान किती मोठे दिसेल ते त्यावरून कळत नाही. पडद्याची लांबी-रुंदी चारास तीन आहे की सोळास दहा, हे विचारावे. १०.२ इंची चारास तीन पडदा सुमारे १५.५ सेंटिमीटर रुंद असतो, तर तेवढ्याच मापाचा सोळास दहा पडदा १३.७ सेंटिमीटर. अमेरिकन कॉमिक्सचे पान उभट असते, ते दोन्हींवर जवळपास सारखेच दिसते. अ‍ॅस्टेरिक्स किंवा टिनटिनसारखे रुंद पान मात्र चारास तीनवर पडदा भरून बसते आणि सोळास दहावर बारीक होते. या पुस्तकांत एकेका पानात मजकूर दाटून भरलेला असतो, त्यामुळे हा फरक चाळिशीनंतरच्या डोळ्यांना लगेच जाणवतो. सात-आठ इंची टॅबवर अख्खे पान वाचण्याची अपेक्षा ठेवूच नये.

छोट्या पडद्यावर ‘चौकटीगणिक वाचन’ ही सोय उपयोगी पडते. म्हणजे बोट टेकवले की अख्ख्या पानाऐवजी एकच चौकट मोठी होऊन दिसते, पुन्हा टेकवले की पुढची. ‘कॉमिक्सॉलॉजी’ नावाच्या सेवेने ही सोय लोकप्रिय केली, पुढे ती किंडलमध्ये आली. पण प्रत्येक पुस्तकाला ती असेलच असे नाही. म्हणून विनामूल्य नमुना उतरवून त्यातच ती तपासावी. मांगा वाचताना आणखी एक लक्षात ठेवावे: ते उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. पानातल्या चौकटीही त्याच क्रमाने. गोष्टीचा काही ताळमेळ लागत नाही अशी तक्रार नवख्या वाचकांकडून येते, तिचे कारण बहुधा एवढेच असते.

मग इंटरनेट नसताना काय होते ते पाहावे. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, वाय-फाय बंद पडते. मुंबईला जाताना लोणावळा सोडून गाडी घाटात शिरली की बोगद्यांत मोबाइलला रेंज नसते. मुलाला टॅब हवा असतो तो नेमका तेव्हाच! घरी असतानाच दोन पुस्तके अ‍ॅपमध्ये उतरवावीत, टॅब विमान मोडवर टाकावा, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे आणि शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहावे. काही अ‍ॅप फक्त पहिली काही पाने साठवतात, हे मधली पाने पांढरी दिसेपर्यंत कळत नाही.

विकत घेतलेले पुस्तक आपले किती, हेही पैसे देण्याआधीच जाणून घ्यावे. बहुतेक ठिकाणी आपल्याला मिळते ती वाचण्याची परवानगी. फाइलला डिजिटल कुलूप असते आणि ते त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच उघडते. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके उघडेनाशी झाली. कॉमिक्सॉलॉजी २०१४मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली आणि डिसेंबर २०२३मध्ये तिचे वेगळे अ‍ॅप बंद करून सगळे किंडलमध्ये हलवले. किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घ्यायची सोयही फेब्रुवारी २०२५मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे ज्या मालिका आपल्याला वर्षानुवर्षे जपायच्या आहेत त्या कागदावर किंवा कुलूप नसलेल्या पीडीएफमध्ये घ्याव्यात आणि एकदाच वाचून सोडायच्या आहेत त्या वर्गणीत वाचाव्यात. मी तरी अशीच विभागणी करायला सांगेन.

मुलांच्या हाती देण्याआधी प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमध्ये खरेदीसाठी पासवर्ड अनिवार्य करावा आणि प्रत्येक मालिकेवर लिहिलेली वयोमर्यादा वाचावी. चित्रे आहेत म्हणजे मुलांचेच असेल, हा समज मांगाच्या बाबतीत फार चुकीचा ठरतो.

शेवटी पैसे. परदेशातल्या भावाबहिणीच्या अ‍ॅमेझॉन खात्यावरून आपण पुस्तके घेऊ पाहिली तर अडते, कारण खाते ज्या देशाचे त्या देशाचे दुकान उघडते आणि प्रकाशन हक्क देशागणिक वेगळे असतात. आपल्या भारतीय खात्यावरूनच सुरुवात करावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१पासूनच्या नियमामुळे कार्डावरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी सुरुवातीला ओटीपी देऊन मंजुरी द्यावी लागते आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचे असते. काही परदेशी सेवांच्या संकेतस्थळावर आपले कार्ड नाकारले जाते ते बहुधा याच कारणाने. तीच वर्गणी प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून घेतली तर बरेचदा काम होते.

वर्षाची वर्गणी स्वस्त दिसली तरी आधी महिन्याचीच घ्यावी. महिना संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण मोबाइलमध्ये लावावी. नको वाटली तर टॅबवरून अ‍ॅप काढून टाकणे पुरेसे नाही. अ‍ॅप गेले तरी वर्गणी चालू राहते आणि पैसे कापले जातात. जिथून वर्गणी घेतली त्या स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन’ पानावर जाऊनच ती रद्द करावी आणि रद्द झाल्याचा ई-मेल पुसून टाकू नये. पुढच्या महिन्यात रक्कम कापली गेलीच, तर बँकेत दाखवायला तो लागतो.