पोलिसांविरुद्ध तक्रार: कुठे करायची, कशी टिकवायची

2017 च्या जून महिन्यात भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी महिलेला कर्मचाऱ्यांनी बेदम मारल्याचा आरोप झाला. तिला जे.जे. रुग्णालयात नेलं, पण ती वाचली नाही. आतल्या बायका गप्प बसल्या नाहीत. नागपाडा पोलीस ठाण्यात खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि कारागृहाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. कोठडीत असलेल्या, हाती काहीही नसलेल्या बायकांचं म्हणणं आणि शवविच्छेदनात नोंदलेल्या जखमा यांनी त्या गुन्ह्याला आधार दिला.

कारागृह आणि पोलीस ही खाती वेगळी असली तरी धडा दोन्हीकडे लागू पडतो. वर्दीतल्या माणसाविरुद्धची तक्रार संतापाच्या जोरावर टिकत नाही. वेळेत झालेली नोंद हातात असेल तरच ती टिकते.

आधी जखम, मग अर्ज

मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. भायखळ्यात जे.जे. जवळ आहे. कोणी, कुठे, कशाने मारलं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. प्रत्येक जखमेचा तारखेसह फोटो काढा.

माणूस अटकेत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 नुसार त्याची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि तिच्या अहवालाची प्रत त्याला मिळायला हवी. कलम 58 प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. मारहाण झाली हे त्याच वेळी न्यायालयाला तोंडी सांगता येतं. बरेच जण भीतीने तिथे गप्प राहतात आणि ‘तेव्हा का बोलला नाहीत?’ हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

ठाण्यातला कॅमेरा

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या परमवीरसिंग सैनी निकालात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी जपून ठेवायला सांगितलं. म्हणून पहिल्याच अर्जात तारीख, अंदाजे वेळ आणि जागा (ठाणे अंमलदाराचं टेबल, कोठडी, जिना) लिहून ‘हे चित्रण जतन करावं’ अशी मागणी करा. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून चित्रणाची आणि स्टेशन डायरीतल्या नोंदीची प्रतही मागता येते.

अर्ज कसा लिहायचा

दोन पानं पुरतात. घटना तारीखवार लिहा. पोलिसाचं नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर छातीवरची पट्टी, बक्कल नंबर, गाडीचा नंबर, चेहऱ्याचं वर्णन. साक्षीदार कोण, कागद कोणते जोडले, नेमकी मागणी काय, हे शेवटी. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकीव गोष्ट वेगवेगळी मांडा. एक खोटं वाक्य सापडलं की उरलेल्या दहा खऱ्यांवरही शंका घेतली जाते.

अर्ज प्रथम वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना आणि त्याची प्रत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना व पोलीस आयुक्तांना द्या. हाताने दिलात तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं उद्या कुणीही म्हणू शकतं.

कोणतं दार कशासाठी

वरिष्ठांकडे गेलेल्या तक्रारीतून खात्यांतर्गत चौकशी होते आणि शिस्तभंगाची शिक्षा होऊ शकते. लाच मागितली असेल तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक फिरवा. सापळा पैसे देण्याआधीच लावता येतो.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ती कायद्यात आणली. पीडिताच्या वतीने घरचे लोकही तिथे तक्रार करू शकतात.

राज्य मानवी हक्क आयोगाचं कार्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर आहे. तिथे शुल्क लागत नाही. नुकसानभरपाईची शिफारस करण्याचा अधिकार आयोगाला आहे. मात्र घटनेला एक वर्ष उलटलं तर आयोग चौकशी करू शकत नाही.

गुन्हाच नोंदवत नसतील तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने 12 नोव्हेंबर 2013 रोजी स्पष्ट केलं. आता संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द आपली नसली तरी ठाण्याला गुन्हा नोंदवावा लागतो आणि प्रत मोफत द्यावी लागते. नकार मिळाला तर पोलीस उपायुक्तांना टपालाने लेखी कळवा. त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘वरिष्ठांना कळवलंत का?’ जपून ठेवलेली पावती त्याचं उत्तर देते.

लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल तक्रार असेल तर तपासाचा आदेश देण्याआधी न्यायदंडाधिकारी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतात आणि त्याचं म्हणणंही विचारात घेतात. त्यामुळे वेळ लागतो. शिवाय, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांवरच्या खटल्यांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मध्ये सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. म्हणून ‘चौकशी चालू आहे’ या उत्तरावर विसंबून बसू नका. वकिलाला मुदतीबद्दल लगेच विचारा.

एकट्याने लढायचं कारण नाही

वकील परवडत नाही म्हणून तक्रार सोडू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कमी उत्पन्नाच्या इतरांनाही मिळतो. राष्ट्रीय मदत क्रमांक 15100.

जबाबासाठी ठाण्यात बोलावलं तर सोबत कोणाला तरी न्या. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या महिलेला किंवा साठीच्या वरच्या माणसाला घरीच जबाब देण्याचा हक्क आहे. जबाब वाचून पाहा आणि चुकीचं काही लिहिलं असेल तर दुरुस्त करायला सांगा.

आणि माणूस अजून आत असेल तर त्याच्या सुटकेची वाट पाहू नका. घरच्यांनी आजच अर्ज द्यावा, कारण चित्रण पुसलं जातं, जखमा भरतात, मुदती सरतात.