आकुर्डी ते प्रयोगशाळा : उन्हाळी संशोधन प्रशिक्षणाची पूर्वतयारी

पुणे जिल्ह्यातील आकुर्डी हे १९७० पर्यंत एक स्वतंत्र गाव होते. त्या वर्षी पिंपरी, चिंचवड व भोसरी या गावांसह आकुर्डीची नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या परिवर्तनामागे औद्योगिक विकासाचा मोठा वाटा होता. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीन निर्माण करणारा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. पुढे आकुर्डीत बजाज ऑटोचा स्कूटर कारखाना उभा राहिला. कारखान्यांमागोमाग तंत्रशिक्षणाच्या संस्था आल्या. आज आकुर्डी व प्राधिकरण परिसरातील वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ व पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी राहतात.

आकुर्डी स्थानकावरून लोकलने शिवाजीनगर गाठता येते. तेथून बसने गणेशखिंड किंवा पाषाण येथे जाता येते. या दोन परिसरांत देशातील काही अग्रगण्य संशोधन संस्था आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून पाषाण मार्गावर कार्यरत आहे. त्याच परिसरात भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आणि २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या संस्था आहेत. तरीही कारखान्यात प्रवेश कसा मिळवावा हे ज्याला ठाऊक असते, त्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत प्रवेश कसा मिळवावा याची कल्पना पुष्कळदा नसते. हे अंतर माहितीचे आहे, आणि ते कमी करणे शिक्षक व स्थानिक कार्यकर्त्यांच्या हाती आहे.

दोन प्रकारचे प्रशिक्षण

औद्योगिक पट्ट्यात ‘प्रशिक्षण’ म्हटले की शिकाऊ उमेदवारी डोळ्यांपुढे येते. तिला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचा आधार आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक यांचाही त्यात समावेश झाला. या उमेदवारीत ठरलेल्या व्यवसायातील ठरलेली कौशल्ये आत्मसात करावयाची असतात. लेथवर काम करणाऱ्या उमेदवाराने कोणता भाग किती मापाचा करावयाचा, हे आधीच निश्चित असते.

उन्हाळी संशोधन प्रशिक्षण, ज्यास महाविद्यालयांत इंटर्नशिप म्हणतात, ते याहून भिन्न आहे. येथे विद्यार्थी सुटीतील काही आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली एका लहान प्रश्नावर काम करतो. त्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते व कित्येकदा मार्गदर्शकालाही ते आधी ठाऊक नसते. म्हणून गुणपत्रिकेइतकेच महत्त्व जिज्ञासा, चिकाटी आणि नीटनेटकी नोंद ठेवण्याच्या सवयीला येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात अशा प्रशिक्षणाला श्रेयांक देण्याची तरतूद झाल्यापासून, हा विषय थोड्या हुशार विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही.

संधी कोठे मिळते ?

संधीचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग संस्थांच्या स्वतःच्या योजनांचा. खगोलशास्त्र व भौतिकशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचे सुटीतील कार्यक्रम आहेत. दुसरा मार्ग बंगळूर, नवी दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीचा. तिचा कालावधी साधारणपणे दोन महिन्यांचा असून ती विद्यार्थ्यांप्रमाणेच शिक्षकांनाही खुली आहे. ही गोष्ट ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांनी आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत दोन महिने काम करून आलेला अध्यापक पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना वाट दाखवू शकतो. तिसरा मार्ग थेट पत्रव्यवहाराचा. विद्यार्थी आपल्या आवडीच्या विषयात काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहून संधीची विनंती करू शकतो.

शालेय स्तरावरही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. आयुकाने १९९३ साली पुण्यातील शाळांसाठी एक उन्हाळी उपक्रम सुरू केला. सोमवार ते शुक्रवार असे पाच दिवस विद्यार्थी शास्त्रज्ञाबरोबर एखाद्या प्रकल्पावर काम करीत. त्यासाठी नेमून दिलेला अभ्यासक्रम नव्हता, हेच त्याचे वैशिष्ट्य. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची एक पद्धत सर्वश्रुत आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते विज्ञानविषयक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवावयास सांगत. त्यांचे स्वाक्षरीसह उत्तर येई. प्रश्न विचारणे ही विज्ञानाची पहिली पायरी होय, ही शिकवण त्यात अनायासे मिळे.

तयारी हिवाळ्यात

प्रशिक्षण मे महिन्यात सुरू होत असले तरी त्याची तयारी दिवाळीनंतर लगेच करावी लागते. बहुतेक संस्थांच्या सूचना नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात प्रसिद्ध होतात. परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्याची संधी तोपर्यंत हुकलेली असते. ग्रामीण विद्यार्थ्यांचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. त्यांची पात्रता कमी पडते असे नाही. मुदत टळून गेल्यावर माहिती पोहोचते.

अर्जासोबत सामान्यतः गुणपत्रिका, शिक्षकाचे शिफारसपत्र आणि स्वतःच्या आवडीविषयी थोडक्यात निवेदन द्यावे लागते. ‘विद्यार्थी हुशार व सुशील आहे’ एवढ्या शिफारशीने निवड करणाऱ्यास काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘महाविद्यालयातील तराजू सदोष असल्याचे या विद्यार्थिनीने स्वतः ताडून पाहिले व सर्व वजने पुन्हा घेतली’ असे एखादे सत्य उदाहरण अधिक बोलके ठरते. शास्त्रज्ञाला थेट पत्र लिहिताना एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. त्यांचे काम थोडे वाचून, त्यातील कोणता भाग समजला व कोणता समजला नाही, हे चार ओळींत प्रामाणिकपणे लिहावे. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे स्मरण द्यावे. इंग्रजी सफाईदार नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. साधी, शुद्ध वाक्ये पुरेशी असतात.

खर्चाचा प्रश्न

अनेक कुटुंबांत उन्हाळ्याची सुटी म्हणजे मुलाने चार पैसे मिळवून घरास हातभार लावण्याचा काळ. अशा घरातून दोन महिने शहरात राहून, कदाचित विद्यावेतनाविना काम करण्यासाठी मुलाला किंवा मुलीला पाठविणे सोपे नसते. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच विद्यावेतन, निवास व प्रवासखर्च यांविषयीच्या अटी वाचून घ्याव्यात. संस्थांच्या स्वतःच्या योजनांत व अकादमींच्या अधिछात्रवृत्तीत विद्यावेतन मिळते. थेट पत्रव्यवहारातून मिळालेल्या संधीत ते मिळेलच असे नाही. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीची रचना करताना वार्षिक ८० हजार रुपयांपैकी २० हजार रुपये उन्हाळी प्रकल्पासाठी राखून ठेवले, यामागे हीच जाणीव होती. जे विद्यार्थी आकुर्डीत आधीच राहत आहेत, त्यांनी सुटीत खोली न सोडता पुण्यातील संस्थेत ये-जा केल्यास निवासाचा वेगळा खर्च टळतो.

केवळ शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. मार्गदर्शक कोण, काम कोणते आणि ते कोठे करावयाचे, या तीन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाल्याखेरीज पैसे भरू नयेत.

पहिला आठवडा

प्रयोगशाळेतील पहिला आठवडा बहुधा गोंधळाचा असतो. वाचावयास दिलेला शोधनिबंध समजत नाही आणि इतर सर्वांना सारे काही येते असे वाटते. नवख्याने या काळात तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, सुरक्षिततेचे नियम. रसायनांच्या प्रयोगशाळेत सुती कपडे, बंद पादत्राणे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. तेथे काहीही खाऊ-पिऊ नये. दुसरी, नोंदवही. प्रत्येक पानावर तारीख घालावी, नोंद शाईने करावी, चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा आणि पान कधीही फाडू नये. फसलेल्या प्रयोगाची नोंदही तितकीच मोलाची असते, कारण पुढच्याला ती वाट टाळता येते. तिसरी, प्रश्न. स्वतः प्रयत्न करून पाहावा आणि तरीही अडल्यास संकोच न करता विचारावे. न विचारता महागडे उपकरण चालविण्यापेक्षा चार वेळा विचारणे केव्हाही चांगले.

अखेरीस अहवाल लिहून इतरांसमोर काम मांडावयाचे असते. अपेक्षित निष्कर्ष हाती आला नाही, तरी काय केले व काय आढळले हे सरळपणे सांगता आले, तर प्रशिक्षण सफल झाले असे समजावे.

शाळा व ग्रामपंचायतींचे कार्य

प्रत्येक महाविद्यालयात एका अध्यापकाकडे हे काम सोपवून, नोव्हेंबरच्या आरंभी विविध योजनांच्या तारखा सूचना फलकावर लावता येतील. प्रशिक्षण घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या शाळेत एक तास बोलावे, अशी प्रथा पाडता येईल. ग्रामपंचायतींना स्थानिक दाते व माजी विद्यार्थी यांच्या साह्याने एखाद्या होतकरू मुलीच्या प्रवासाची व निवासाची सोय करता येईल.

विज्ञान केवळ महानगरांतच आहे असेही नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना शेतशिवारांच्या सान्निध्यात उभ्या आहेत. तेथे राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त विज्ञान प्रदर्शन भरते. आठवी-नववीच्या मुलांना २८ फेब्रुवारीच्या सुमारास तेथे नेले, तर पुढे महाविद्यालयात गेल्यावर प्रयोगशाळेच्या दारापाशी त्यांचे पाऊल अडखळणार नाही.