खिशातले अवजार : रोज काय उपयोगी पडते?

स्विस सैनिकांच्या १८९० च्या चाकूत चारच अवजारे होती : पाते, टोच्या, डबा उघडायचे पाते आणि रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर. आज वीस-वीस अवजारांचे चाकू मिळतात. आमच्या घरात मात्र रोज तीनच उघडतात. कात्री दुधाच्या पिशवीला, बारीक स्क्रू ड्रायव्हर अम्मीच्या चष्म्याला, पक्कड मुलांच्या सायकलच्या ढिल्या नटाला. तेव्हा घेताना अवजारे मोजू नका. ही तीन मजबूत आहेत का, ते पाहा.

पक्कडीची मूठ उघड्या धातूची असेल, तर विजेच्या तारेला लावू नका. आणि उमराहला निघताना चाकू विमानात जमा करायच्या मोठ्या बॅगेत ठेवा. अब्बांनी दिलेला आमचा पहिला चाकू हातातल्या बॅगेत होता; तो विमानतळावरच राहिला.