हिरडीतून पाळण्यापर्यंत

‘जालना, सोने का पालना’ असं जुनी माणसं अजूनही म्हणतात. पाळण्यात पडण्याआधी बाळ मात्र काट्यावर पडतं. गांधी चमनचं स्त्री रुग्णालय असो की अंबडकडचं एखादं आरोग्य केंद्र, काटा अडीच किलोच्या अलीकडे थांबला की बाळ कमी वजनाचं. मग आईचं रक्त किती होतं, गोळ्या घेतल्या का, अशी चौकशी होते. तिच्या हिरड्यांची आठवण सहसा कुणाला होत नाही.

हिरड्यांचा काय संबंध? दिवस गेले की प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि दातांवरच्या नेहमीच्याच थरावर हिरडी जास्त चिडते. सुजते, घासताना रक्त येतं. बाळंतपणानंतर हे बहुतेकदा ओसरतं. पायरिया मुरलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथं दात आणि हिरडीमध्ये खोल फटी पडलेल्या असतात. त्या साऱ्या उलगडून पसरल्या तर 8 ते 20 चौरस सेंटीमीटरची जखम भरते! एवढी जखम पोटरीवर असती तर त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडातली दिसत नाही, फारशी दुखतही नाही.

साधा घास चावतानाही तिथून जंतू रक्तात निसटतात. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा त्यातला सुईसारखा निमुळता जंतू. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन रक्तवाहिनीतल्या पेशींचे सांधे सैल करतं आणि वाट मिळते. 2010 मध्ये अमेरिकेत यिपिंग हान यांच्या गटानं एका मृत जन्मलेल्या, दिवस भरलेल्या बाळातला जंतू तपासला. तो आईच्या हिरडीखालच्या जंतूच्याच वंशाचा निघाला. वारेची भिंत ओलांडून दातामागचा भाडेकरू बाळापर्यंत पोचला होता.

त्याआधी, 1996 मध्ये, नॉर्थ कॅरोलिनात 124 आयांच्या तपासणीत दिसलं होतं की पायरिया असलेलीला अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं मूल होण्याची शक्यता सातपटीहून जास्त. मग काय, हिरड्या साफ करा, बाळं बाळसं धरतील! 2006 मध्ये 823 गरोदर स्त्रियांवर हे करून पाहिलं. निम्म्यांवर गरोदरपणात उपचार, बाकीच्यांवर बाळंतपणानंतर. उपचार सुरक्षित ठरले, हिरड्या सुधारल्या, पण बाळांचं वजन ढिम्म हललं नाही.

मला या सगळ्यात हे अपयशच सर्वांत मोलाचं वाटतं. कदाचित उपचाराला उशीर झाला असेल, तो दिवस जाण्याआधीच हवा असेल. की हिरडी आणि वजन, दोघांनाही पोखरणारं तिसरंच काही आहे?

आपल्याकडे त्या तिसऱ्याची डबी कोनाड्यात असते. तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मिश्री. हिरडी ठणकली की बोटावर घेऊन चोळायची. ठणका थोडा बधिर होतो, सवय राहते. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांची पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी होती. 105 ग्रॅम म्हणजे एक लहानसं मोसंबंही नाही. पण 2600 ग्रॅमचं होऊ शकलं असतं ते बाळ 2495 वर येतं, आणि काट्यापाशी उभी सिस्टर नोंदवहीत ‘कमी वजन’ लिहिते.