अहवालांच्या ढिगातून त्रुटीचा शोध

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची अंतिम आवृत्ती येण्यापूर्वी तिची ‘बीटा’ आवृत्ती चाचणीसाठी सर्वांना खुली केली जाते. ज्याला हवी त्याने ती उतरवून घ्यावी, वापरून पाहावी आणि आढळलेल्या चुका कळवाव्यात, अशी अपेक्षा असते. मात्र, ‘चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ एवढाच मजकूर असलेले शेकडो अहवाल जमले, तर त्यांखाली एखादी गंभीर त्रुटी दडून जाते आणि अंतिम आवृत्तीबरोबर सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावर पोहोचते. म्हणूनच अहवाल मिळविण्याइतकेच ते लावून ठेवण्यालाही महत्त्व आहे.

नेटस्केप कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा स्रोत खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी या प्रकल्पासाठी ‘बगझिला’ ही नोंदप्रणाली पुढे आली. तीत प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तिची सद्यःस्थिती कोणालाही पाहता येते. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झालेला लिबरऑफिस प्रकल्पही हीच प्रणाली वापरतो. मराठीतही उपलब्ध असलेल्या या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या उदाहरणावरून ही पद्धत समजून घेता येईल.

पहिली चाळणी

समजा, जोडाक्षरे असलेला मजकूर पीडीएफमध्ये तुटक दिसतो, अशी तक्रार आली. तिची प्रथम ‘अपुष्ट’ म्हणून नोंद होते. दुसरा एखादा स्वयंसेवक आपल्या संगणकावर तीच कृती करून पाहतो. त्यालाही दोष दिसला, तरच तक्रार पुष्ट ठरते. तक्रारदाराने स्वतःच ती पुष्ट करू नये, असा संकेत आहे. माहिती अपुरी असल्यास तक्रारदाराकडे विचारणा होते आणि काही महिने उत्तर न आल्यास नोंद बंद केली जाते. तोच दोष आधी कोणी कळविला असेल, तर नवी नोंद जुन्या नोंदीशी जोडली जाते. अशी पुनरुक्ती वाया जात नाही. दोषाची झळ किती जणांना बसते, हे त्यातून कळते आणि कधी कधी पहिल्या अहवालात राहून गेलेला धागाही हाती लागतो.

पुष्ट झालेल्या तक्रारीची तीव्रता मग ठरविली जाते. चुकीच्या जागी दिसणारे बटण आणि नाहीसा होणारा मजकूर यांना एकाच रांगेत उभे करता येत नाही.

दहा पावलांत उगम

पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल, तर शोध बराच सोपा होतो. लिबरऑफिसने विकासाच्या टप्प्याटप्प्यांवरील तयार आवृत्त्यांचा साठा जपून ठेवला आहे. त्यातील मधली आवृत्ती चालवून पाहायची. दोष तिच्यातही असेल, तर आधीच्या अर्ध्या भागात शोधायचे. नसेल, तर नंतरच्या. या रीतीने १,०२४ आवृत्त्यांमधून दोष प्रथम कोठे शिरला, हे साधारण १० चाचण्यांत कळते. त्यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. चिकाटी मात्र हवी.

चांगला अहवाल कोणता?

सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, संगणकाची कार्यप्रणाली, दोष दिसेपर्यंतच्या क्रमवार कृती, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, एवढी माहिती अहवालात हवी. एका अहवालात एकच दोष मांडावा. सोबत जोडलेली फाइल सर्वांना दिसते; त्यामुळे तीतील नावे, पत्ते व खासगी तपशील आधी काढून टाकावेत. सुरक्षिततेशी संबंधित त्रुटी मात्र उघड न नोंदविता प्रकल्पाच्या सुरक्षा गटाला स्वतंत्रपणे कळवावी, अन्यथा दुरुस्तीपूर्वीच तिचा गैरवापर होऊ शकतो.

मुक्तस्रोत प्रकल्पांतील बरेचसे काम स्वयंसेवकांच्या फावल्या वेळेवर चालते. मोघम अहवालामागे त्यांचा तास जातो. नेमका अहवाल तोच तास दुरुस्तीसाठी मोकळा करतो. देवनागरी मजकुरातील दोष तर बहुधा ती लिपी वाचणाऱ्यालाच जाणवतात. ते नेमकेपणाने कळविण्याची जबाबदारीही म्हणूनच मराठी वापरकर्त्यांवर येते.